पट्ट्याचा सूर

तापलेल्या रबराचा वास आला की ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या लॉकडाऊनमधली एक दुपार आठवते. साखळीऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी इलेक्ट्रिक बाईक गॅरेजच्या दारात उभी होती आणि मागच्या चाकाच्या दातेरी चकतीच्या, स्प्रॉकेटच्या, दातांत अडकलेली समुद्रावरची वाळू मी जुन्या टूथब्रशने काढत होतो. शेजारी फोनवर पुण्यातली आई. माझी दुपार म्हणजे तिची रियाजाची सकाळ. पट्ट्याला भेग नाही हे पाहून, ताण कळावा म्हणून मी तो बोटाने छेडला, तर तिकडून लगेच आवाज आला, "उतरलाय रे, थोडा चढव." "आई, तंबोरा नाहीये हा, बाईकचा पट्टा आहे." "असू दे की. चढव." मी पान्याने मागचं चाक केसभर मागे घेतलं आणि पुन्हा छेडला. तंबोरा जुळवताना थांबायची तशी ती थांबली, मग म्हणाली, "आता लागला." विमानं बंद होती. कधी येतोस, हे तिने विचारलंच नाही, म्हणाली, "पुढच्या रविवारी वाजवशील ना?" विमानं सुरू होऊन मी घरी पोचलो तेव्हा आई नव्हती, भिंतीशी तंबोरा होता, तारा उतरलेल्या. अजूनही पट्टा छेडल्यावर पाना हातातच राहतो. "लागला" असं कुणी म्हटल्याशिवाय तो खाली ठेवायचा कसा?