स्लॅबला मारलेलं पाणी

घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं की व्याज कमी होणार होतं, हप्ता हलका होणार होता. पण त्याआधी घराची किंमत ठरवायची, आणि ती ठरवायला येणाऱ्याची फी आपण भरायची. कर्ज मिळो न मिळो, फी परत नाही. आधी जिथं अर्ज केला, त्या बँकेचा माणूस रस्त्यावरूनच दोन फोटो काढून गेला, किंमत कमी लिहिली, आणि माझी फी बुडाली. दुसरीकडे पुन्हा भरताना अगदी जिवावर आलं. घर आमचं, आणि त्याची किंमत पैसे देऊन दुसऱ्याला विचारायची, हा कुठला न्याय! या वेळीही आकडा कमी आला असता तर तिसऱ्यांदा मी त्या भानगडीत पडलो नसतो; जुना जड हप्ताच निवृत्तीपर्यंत ओढत बसलो असतो.

या वेळी आल्या त्या पन्नाशीच्या इंजिनिअर बाई. चपला काढून आत आल्या, खोल्या मोजल्या, छोट्या हातोडीनं भिंती वाजवत फिरल्या. मग जिना चढून स्लॅबवर गेल्या. मागोमाग आई आणि मी. त्यांनी खाली बसून हातोडी मारली. खणखणीत आवाज आला. दुसऱ्या कोपऱ्यातही तसाच. वर न बघता त्यांनी विचारलं, "याला पाणी कोणी मारलं?"

आईचा चेहराच उतरला. "म्याच मारलं, मॅडम. लई झालं का?"

हे घर बांधतानाचा धारूरचा तो उन्हाळा मला आठवला. बोअर आटलेला, हापशी पार उताराला. ठेकेदार म्हणाला होता, आठ दिवस पाणी पुरे. आईचा जन्म शेतात गेलेला. तिनं स्लॅबवर चिखलाचे बांध घालून कांद्याला करतात तसे वाफे केले आणि महिनाभर ते सुकू दिले नाहीत. पिलरना ओली पोती गुंडाळली. एका सकाळी मला अंघोळीला पाणी उरलं नाही, तेव्हा मी ओरडलो, "माणसं बिनपाण्याची अन् सिमेटाला कशाला पाजतीस?" ती कळशी डोक्यावर घेऊन जिना चढली.

"मावशी, मी रोज घरं बघते," बाई म्हणाल्या. "असा स्लॅब क्वचित सापडतो."

मी आईकडे बघतच राहिलो. पासष्टी उलटलेली, पाच फुटांचीही नसलेली ही बाई. तिनं एवढं सगळं पाणी एकटीनं वर वाहून नेलं होतं, आणि रोज समोर असूनही मला ते कधी दिसलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. किंमत बँकेला हवी तेवढी भरली, कर्ज मंजूर झालं. मी आनंदानं आईला सगळं वाचून दाखवू लागलो. शेवटच्या पानावर एक रकाना होता: इमारतीचं पुढचं आयुष्य, पन्नास वर्षं.

आईनं मला थांबवलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"तवर मी न्हाई. तू बी न्हाईस," ती म्हणाली. आणि तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं, की मला पुढचं वाचता येईना.