पंख्यांचा निधी आणि फाट्यावरची शेड

पाटोद्याच्या वरच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. गावात त्यांना सगळे 'पंखे'च म्हणत. सासऱ्यांचं किराणा दुकान चौकात, त्यामुळे गावातली बातमी आधी आमच्याकडे यायची. तशीच ही आली: पंख्यांची कंपनी गावाला दरवर्षी निधी देणार, आणि तो कशावर खर्चायचा ते गावानं सांगायचं.

सरपंचांनी लगेच ठरवून टाकलं. फाट्यावर, एसटी थांबते तिथं, गावाच्या नावाची मोठी कमान. सासऱ्यांनीही मान डोलावली. पण कंपनीकडून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "मला बायकांशी वेगळं बोलायचंय." त्यासाठी आमच्या दुकानामागची पडवी मिळाली.

बायका आल्या त्या निधीसाठी नव्हे. मॅडम स्वतः पंख्यावर चढल्या होत्या, अशी बातमी गावभर झाली होती, तेच ऐकायला त्या आल्या.

"आत जिना हाय का?"

"वर खोली हाय म्हनं. बाज मावती का?"

मॅडम हसत हसत सांगत होत्या. आत सरळ लोखंडी शिडी, वर यंत्र, आणि माणसाला जेमतेम उभं राहता येईल एवढी जागा. मलाही राहवलं नाही. "वरून आमचं गाव कसं दिसतं?"

"घरांचे पत्रे चमकतात नुसते," त्या म्हणाल्या. मी कितीतरी वेळ मनातल्या मनात त्या चमकत्या पत्र्यांत आमचा पत्रा शोधत बसले.

मग त्यांनी विचारलं, गावाला काय हवं? आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, मेंढरं राखणाऱ्या एक मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "आदी सांगा, पैसा तुमचा का आमचा?"

"गावाला दिला म्हणजे गावाचा."

"मंग गावाला इचारायच्या आदीच कमान कावून ठरली?"

त्यानंतर बोलणं थांबेचना. कुणाला पिठाची गिरणी हवी होती, कुणाला नळ. पण फिरून फिरून सगळ्या फाट्यावर येत. बाजारच्या दिवशी लेकरं कडेवर घेऊन तिथं उन्हात उभं राहायचं, आणि एसटीचा पत्ता नाही. बसायला सावली हवी होती.

ग्रामसभेत सरपंचांनी कमान मांडली. मॅडमनी विचारलं, "बायकांचं काय म्हणणं आहे?" मी उठले कधी, ते मलाच कळलं नाही. समोर सासरे बसलेले. मी पदर घट्ट धरून म्हणाले, "फाट्यावर शेड पाहिजे."

सरपंच रागावले नाहीत. समजावल्यासारखं म्हणाले, "सूनबाई, कमान म्हंजी गावाची इज्जत हाय."

मागून मावशी बोलल्या, "तुमच्या इज्जतीखाली बसता येतं का पर?"

सभा हसली. हात वर झाले, आणि शेड ठरली. सासऱ्यांचा हात खालीच होता.

घरी ते जेवून लगेच झोपायला गेले. सकाळी दुकान उघडताना म्हणाले, "जरा मोठ्यानं बोलायचं होतं. मागच्याला आयकू आलं न्हाई." एवढंच. ते रागात होते की खुशीत, हे मला आजही सांगता येणार नाही.

शेड झाली. चांगली पत्र्याची, सिमेंटचा कट्टा असलेली. पण तिचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे मावळतीला. माळावरचा वारा तिकडूनच येतो. धुळीचा लोट सरळ आत शिरायचा. मग बायका शेडच्या मागं, तिच्या सावलीत जमिनीवर बसू लागल्या.

पुढच्या वर्षी मॅडम पुन्हा विचारायला आल्या. बायकांनी त्यांना भर दुपारी फाट्यावर नेलं आणि कट्ट्यावर बसवलं. थोड्या वेळानं त्या डोळ्यांतली धूळ पुसत उठल्या.

"तोंड कुठं करायचं, हे मी विचारलंच नव्हतं."

मावशी म्हणाल्या, "आमालाबी बसल्याबिगर कुटं कळलं?"

त्या वर्षीच्या निधीतून मावळतीची बाजू भिंत घालून बंद केली आणि मागची उघडली. काम चालू असताना मी दुकानातून चहा घेऊन गेले. गवंडी वैतागला होता. मॅडम आणि मावशी दोघी त्याच्या डोक्याशी उभ्या राहून, भिंतीत खिडकी ठेवायची की नाही यावर वाद घालत होत्या. खिडकीतून धूळ येईल, असं मॅडम म्हणत; एसटी येताना दिसायला हवी, असं मावशींचं म्हणणं होतं. खिडकी ठेवली.