कायटाकू

आमच्या आत्यांनी इतक्या वेळा खिमा केला, आणि एकदाही चाखला नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मूळच्या माण तालुक्यातल्या. माहेरी शेरडं-मेंढरं, सासरीही तेच. मटण म्हणजे जीव की प्राण. नळ्या फोडून खायच्या, असं त्यांच्या जाऊबाई अजून सांगतात.

पण संतोष, माझा नवरा, आर्मीत भरती झाला आणि ट्रेनिंगला निघाला, त्या दिवशी एसटी स्टँडवरच त्यांनी जाहीर करून टाकलं,

"तू पेन्शन घिऊन घरी येस्तोवर मी वशाट तोंडाला लावणार न्हाई."

वशाट म्हणजे मटण, मासे, अंडी, सगळंच.

संतोष हसला म्हणे. त्या वयात पेन्शन कुणाला खरी वाटते?

पुढे आमचं लग्न झालं, पोरं झाली, साताऱ्यात फ्लॅट घेतला. संतोष बॉर्डरवर, मी एमआयडीसीत कंपनीत. पोरांसाठी आत्या गाव सोडून आल्या. "आजवर शेरडं राखली, आता ही राखते," म्हणाल्या.

एका रविवारी माझी मुलगी ईश्वरी मोबाईलवर टाको नावाच्या मेक्सिकन पदार्थाचा व्हिडिओ बघून किचनमध्ये धावली.

"आज्जी, टाको!"

"काय टाकू?"

"अगं, टाको!"

"आगं बाय, त्येच इचारतीया न्हवं का, काय टाकू?"

मी हसून हसून फरशीवर बसले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव 'कायटाकू'. ईश्वरीनं शाळेत टीचरनासुद्धा डब्यात कायटाकू आहे म्हणून सांगितलं.

व्हिडिओतल्या बाईनं खिम्यात ओरेगानो घातला होता. पिझ्झाबरोबर आलेली पुडी मी आत्यांना दिली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो तर आपल्या ओव्याच्याच भावकीतला दिसतोय."

मग ओवाच आला. हातावर चुरडून. जिरं, धने, आपला कांदा-लसूण मसाला, आणि खिमा पाणी आटेपर्यंत कोरडा परतलेला. टाकोच्या मक्याच्या पोळीच्या जागी कडक भाजून दुमडलेली चपाती. वर काकडी, कांदा, लिंबू.

रविवारी मोठी कढई भरून करायच्या आणि उरलेला फ्रीजरला लावायच्या. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यात चालत नाही. बाकी दिवशी मी कंपनीतून दमून आले की डबा काढायचा, गरम करायचा, चपात्या दुमडायच्या, झालं जेवण. माझ्या नोकरीतली निम्मी मेहनत त्या कढईची होती, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे.

आत्या स्वतः बाजूला बसून पिठलं-भाकरी खायच्या.

पण चव? ती वासावर. आणि मिठापुरती मी. कढईतला खिमा माझ्या तळहातावर ठेवायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी मुद्दाम तोंड वाकडं केलं की घाबरायच्या!

एकदा म्हणाल्या, "संतोष आला की त्या दिशी मटणाचा रस्सा नगो मला. पैला कायटाकूच खाणार. कळू दे तरी, ही पोरं कशापायी नाचत्यात."

गेल्या दिवाळीनंतर संतोषची पेन्शन होती.

आत्यांनी त्याआधी गणपतीतच अंथरूण धरलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, फार अशक्तपणा आहे, अंडी द्या, मटणाचं सूप द्या. मी सूप घेऊन उशाशी बसले. पाया पडले.

"आत्या, औषध समजून दोन चमचे घ्या. देवाला कळतं सगळं."

"देवाला कळतंय गं. पर मी देवाला न्हाई, पोराला बोललीया."



संतोष इमर्जन्सी रजा काढून धावत आला. युनिफॉर्मवरच. त्याला बघून आत्या चक्क उठून बसल्या. हातात हात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला,

"रजेवर आलायस, का कायमचा?"

माझ्या हातात सूपची वाटी होती. मी संतोषकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोल. एकदा खोटं बोल.

त्याला आईशी खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही.

"रजेवर हाय, आये."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि वाटी हातानं बाजूला सारली. "थोडंच तर ऱ्हायलंय."

त्याच आठवड्यात आत्या गेल्या.

सूपनं त्या वाचल्या नसत्या. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. मला पटलं. संतोषला अजून पटलेलं नाही. अधूनमधून टीव्ही बघता बघता मध्येच विचारतो, "कायमचा म्हणालो असतो तर?"

मला आत्यांचा रागही येतो. खरंच येतो. एवढं कशाला धरून बसायचं? आणि मग त्यांचीच एवढी आठवण येते की काय करावं सुचत नाही.

दिवाळीनंतर संतोष काळी ट्रंक घेऊन आला. दारात भाकरतुकडा मी ओवाळला. ते काम आत्यांचं होतं. त्या दिवशी आमच्या घरात साधा वरणभात झाला.

आज गावी वर्षश्राद्ध होतं. फोटोपुढे पुरणपोळीचं पान वाढलं होतं. तेवढ्यात संतोष किचनमधून कढई घेऊन आला. पहाटे उठून त्यानं एकट्यानं खिमा केला होता.

चुलतसासूबाई ओरडल्याच, "आरं, वर्साच्या पानावर वशाट? लोकं काय म्हंतील?"

"काकी, बोललेलं फिटलंय तिचं," एवढंच म्हणाला.

खाली बसला. चपाती दुमडायला गेला तर मोडली. दुसरी घेतली. तीही मोडली. शेवटी मोडक्या चपातीवरच खिमा घातला आणि पान फोटोजवळ सरकवलं.

"आये, कायमचा आलोय. खा आता."

आणि माझा नवरा सगळ्या भावकीसमोर लहान पोरासारखा रडला. अग्नी देतानाही रडला नव्हता.

आत्या, आम्हा सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.

पोटभर जेवा.