खाटेखालच्या चपला

आज एका मित्राला बघायला हॉस्पिटलात गेलो. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची मुलगी त्यांच्या चपला खाटेखाली नीट जोडून, दाराकडे तोंड करून ठेवत होती. "सोमवारी सोडणार आहेत, बाबा," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली.

मला माझे वडील आठवले, अण्णा. ते गेले त्या वर्षी मला प्राचीन रोमनांचं वेड लागलं होतं. त्यांचे सद्गुण वहीत लिहून मी दर आठवड्याला एक पाळायचो. काटकसर झाली, शिस्त झाली. अण्णा शेवटचे आजारी पडले तेव्हा सत्याचा आठवडा चालू होता.

"घरी कधी नेणार रे?" त्यांनी विचारलं.

"आता घरी नाही, अण्णा." आवाज जराही कापला नाही, याचा मला अभिमानच वाटला.

रोममध्येही बापाच्या उशाशी बसून कुणी ना कुणी खोटं बोललंच असेल. ते दगडात कोण कोरून ठेवणार?

"मग त्या चपला घेऊन जा," अण्णा म्हणाले. "येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात येतात."

चपला पिशवीत घालून मी घरी आलो आणि वहीत सत्यापुढे बरोबरची खूण केली.