आक्काचा सोमवार आणि मांजरीची सुई

आमच्या मांजरीला साखर झाली आहे हे पहिल्यांदा मुंग्यांना कळलं, मग आक्काला, मग जनावरांच्या डॉक्टरला आणि सगळ्यात शेवटी मला. आमच्या घरात सगळ्याच बाबतींत हा क्रम असतो, फक्त मुंग्या दर वेळी नसतात.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर पाचोडकडची शेती दिराच्या मुलांवर सोपवून ती सिडकोत माझ्याकडे राहायला आली. मी बिनलग्नाचा, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. येताना तिनं तीन गोष्टी आणल्या: एक पत्र्याची पेटी, देवांचा डबा आणि मधुमेहाच्या गोळ्या. मांजरी आधीपासून माझ्याकडे होती. आल्या दिवशीच आक्कानं जाहीर केलं, "मांजराचे केस अन्नात जातेत. या घरात ही ऱ्हाईल, नाय तर मी." दोघीही राहिल्या. आठवड्याभरात मांजरी पत्र्याच्या पेटीवर झोपू लागली आणि तिचं पिऊन उरलेलं दूध माझ्या चहाला येऊ लागलं.

तिला नाव द्यायचं राहूनच गेलं. आक्का रागात तिला भवाने म्हणायची आणि लाडात बये. मांजरी दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात ती फार पाणी पिऊ लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी कमी कोण पितं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग ती खाऊन खाऊन वाळत चालली. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून फतक फतक चालू लागली. मी म्हटलं, वय झालं, आता माझेही गुडघे बोलतात. एके दिवशी आक्कानं मला मागच्या गॅलरीत बोलावलं. तिथं मांजरीसाठी वाळूची पाटी ठेवलेली असायची. पाटीला मुंग्यांची रांग लागली होती.

"मुंग्या बघ."

"बघितल्या."

"कामून आल्या असतील?"

"मुंग्या आहेत. येणारच."

"अरं येड्या, साखर हाय तिला! माझं बी असंच कळलं व्हतं."

मी पोट धरून हसलो. माणसांचे आजार आता मांजरांनी घ्यायचे, मग आपण काय करायचं, असंही काहीतरी बोललो. आक्कानं मांजरीला पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे दोन म्हशी, एक गाभण शेळी आणि शेळीची मालकीण एवढे होते. मालकीण लांबच्या वस्तीवरून आलेली होती. तिनं पिशवीत डोकावून विचारलं, "काय झालंय हिला?" मी म्हटलं, बहुतेक शुगर. "मांजराला बी शुगर असती व्हय!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की म्हशींनी माना वळवल्या. मग जराशी विचारात पडून म्हणाली, "बसून खाती असंल." मला उगाचच वाटलं की ती माझ्याकडे बघून बोलली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं रक्त तपासलं आणि आक्काचं निदान जसंच्या तसं खरं निघालं. रोज दोन वेळा इन्सुलिन, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. दूध-पोळी बंद, उकडलेलं चिकन चालू. "एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा काका," ती म्हणाली. "आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायचीच नाही, मला फोन करायचा." तोल गेला, थरथर सुटली, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं, तेही तिनं सांगितलं. मी सगळ्याला मान हलवली. कचेरीत आयुष्यभर तेच केलं होतं.

पहिली सुई टोचायला मला पाऊण तास लागला. तिच्या मानेची कातडी चिमटीत धरायची आणि सुई आत सरकवायची, एवढंच काम. आक्का शेजारी उभी राहून म्हणाली, "जल्मभर कागदांला टाचण्या टोचल्या तू. ही एक टोच." टोचली. मांजरीनं चिकनमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. मी मात्र घामाघूम होऊन पाटावर बसलो आणि आक्कानं मला पाणी आणून दिलं.

दोन महिन्यांत मांजरीच्या अंगावर मांस चढलं. टाचा उचलल्या गेल्या. ती परत शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढून त्यांच्या कुत्र्याला शिव्या घालू लागली. आक्काच्या साखर मोजायच्या मशीनवर आम्ही तिच्या कानाच्या कडेचा थेंब तपासायचो आणि आकडा चांगला आला की आक्का म्हणायची, "माझ्यापेक्षा गुणाची हाय." मी फार खूष होतो. माझ्या हातून एक जीव जगतो आहे, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि ते चारचौघांत सांगायला मी लाजतही नव्हतो.

मग श्रावण लागला.

एरवी आमच्याकडे रविवारी मटण होतं, पण श्रावणात महिनाभर घरात तसलं काही शिरत नाही. मांजरीसाठी आक्कानं सवलत दिली: चिकन मागच्या गॅलरीत वेगळ्या शेगडीवर शिजेल, त्याचा डबा गॅलरीतच राहील आणि त्याला हात मी लावीन. मी मेथीच्या जुडीखाली चिकन लपवून आणायचो. दुकानदार ओळखीचा होता. "क्या चाचा, सावन में भी?" म्हणून त्यानं डोळा मारला. मी म्हटलं, बिल्लीसाठी आहे, तिला शुगर आहे. "हौ हौ, बिल्ली कू शुगर," तो म्हणाला आणि शेजारच्या दुकानदाराला ऐकवून परत एकदा म्हणाला. आमच्या गल्लीत मी श्रावण पाळत नाही हे त्या आठवड्यात सगळ्यांना ठाऊक झालं.

दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेसहाला नळ आले. आठ दिवसांनी. ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना हे समजायचं नाही, पण नळ आले की आमच्याकडे माणूस माणसात राहत नाही. मोटर, पाइप, टाकी, पिंप, बादल्या, सगळं एकदम आठवतं. मांजरी पेटीवर झोपली होती. तिला उठवा, खायला घाला, ती खाईपर्यंत थांबा, एवढा वेळ कुणाला होता? नाहीतरी सुईनंतर ती ताटलीवर तुटून पडणारच, असा हिशेब मी केला, झोपेतच तिला सुई दिली आणि जिन्यावरून ओरडलो, "आक्का, सुई झाली! तिला डब्यातलं घाल, पळीनं घाल, हात लावू नको!"

"व्हय," आतून आवाज आला. मी गच्चीवर गेलो, टाकी धुतली, भरली, खाली येऊन पिंपं भरली. नऊ वाजून गेले.

स्वयंपाकघराच्या दारात मांजरी आडवी पडली होती. उठायला गेली आणि कलंडली. तोंडातून लाळ गळत होती, डोळे मोठे झाले होते आणि माझ्याकडे बघूनही ती मला बघत नव्हती. अंग थडथड उडत होतं. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यातून पुसून गेलं. मी पिशवी शोधू लागलो, मग चपला, मग रिक्षावाल्याचा नंबर. तिची ताटली दिसली. ताटलीत भगर आणि दूध होतं, न शिवलेलं.

"आक्का! चिकन दिलं नाहीस?"

आक्का देवासमोर बसली होती. महादेवाला अभिषेक चालला होता. "सोमवार हाय," ती म्हणाली. "अंघोळ झाली व्हती माझी. एक दिवस उपास घडला तर काय व्हतंय? सुई तर औषध हाय. औषधाला उपास नसतो." आणि मग तिनं वळून मांजरीकडे पाहिलं.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती घाबरली नव्हती. एखाद्या अनोळखी गावात आपल्या माहेरचं माणूस दिसावं तशी ती त्या थरथरणाऱ्या मांजरीकडे बघत राहिली. मग पाटावरून उठली. पंचामृतासाठी काढलेली मधाची वाटी तिनं उचलली, खाली बसली, मांजरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं तिच्या हिरड्यांना मध चोळू लागली.

"साखर उतरली तिची," ती म्हणाली. "दूध आण. नाय, दूध नको, डबा आण. गॅलरीतला."

मी डबा आणला. मांजरीची मान जराशी सावरली, जीभ बाहेर आली, तिनं आक्काचं बोट चाटलं. मी पळी शोधत होतो. आक्कानं डब्यात हात घातला. सोमवारी, ओल्या केसांनी, देवासमोरून उठून आलेल्या हातानं तिनं चिकनचा एकेक तुकडा बारीक करून मांजरीला भरवला.

अर्ध्या तासात मांजरी उभी राहिली, चार पावलं चालली आणि आम्ही दोघांनी तिच्यावर एवढा वेळ घालवल्याचा राग आल्यासारखी पाठ फिरवून बसली. मी डॉक्टरला फोन लावला. तिनं मला जे सुनावलं ते मी सांगत नाही, पण ते खरं होतं. तिनं लगेच तपासायला बोलावलं. आणि फोन ठेवल्यावर मला दिसलं की आक्काचा हात अजून थरथरतो आहे.

"आक्का, तुला काय होऊ लागलं?"

"काय नाय. सोमवारी व्हतं."

"दर सोमवारी?"

"नऊ-दहाच्या सुमाराला. घाम येतो, हात कापतेत, डोळ्यांपुढं अंधारी येती. मी आतल्या खोलीत आडवी व्हते जरासक. मग रात्री उपास सोडला की बरं वाटतं."

"आणि गोळी?"

"गोळी तर सकाळीच घेते. सांगितलं ना, औषधाला उपास नसतो."

मी मशीन आणलं. तिच्या बोटाचा थेंब पट्टीवर घेतला आणि आकडा दोनदा वाचला. मांजरीचा एवढा खालचा आकडा आला असता तर मी दवाखान्यात पळत गेलो असतो. वाटीत मध उरला होता. मी वाटी तिच्यापुढे धरली. तिनं देवाकडे पाहिलं. मी म्हटलं, "मध उपासाला चालतो." तिनं वाटी रिकामी केली.

मग ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, उपास लागू पडू लागलाय. देव जवळ आला की असंच व्हत असंल."

मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं. मांजरी किती पाणी प्यायली ते मी वाटीनं मोजत होतो. कानाचा थेंब, वजन, सगळं तारखेवार माझ्याकडे होतं. आणि ती माझ्याकडे आल्यापासून सहा वर्षं दर सोमवारी, भिंतीपलीकडे, माझी बहीण एकटी थरथरत पडली होती, आणि मी एकदाही दार ढकलून विचारलं नव्हतं.

मांजरीला दाखवून आलो, आणि त्याच दुपारी आक्काला तिच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळी बदलली आणि उपास सोडायला सांगितलं. आक्का म्हणाली, बरं. बाहेर येऊन म्हणाली, उपास काय मी सोडणार नाय. रिक्षात आमचं भांडण झालं, ते घरी येईपर्यंत पुरलं, आणि शेवटी तडजोड अशी निघाली की उपास करायचा, पण सकाळी भगर आणि दाण्याची आमटी पोटभर खाऊन, आणि गोळी त्यानंतर.

पुढच्या सोमवारी सात वाजता दोघींची ताटं मी शेजारी शेजारी मांडली. मांजरीनं खाल्लं, सुई घेतली आणि भिंतीवर निघून गेली. आक्का एकेक घास चिवडत बसली होती. गोळी मी मुठीत धरून तिच्यासमोर मांडी घालून बसलो.

"बघतोस काय असा?" ती चिडली. "मी काय मांजर हाय?"

"नाही," मी म्हटलं. "मांजरीचं मला वेळेत कळलं."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून तिनं ताटातली सगळी भगर संपवली आणि गोळीसाठी हात पुढे केला.