बाबांच्या टेम्पोची पीयूसी

रत्नागिरी सोडली ती बाबांच्या मासळीच्या टेम्पोतूनच. लग्नाला चारच दिवस झालेले, नवरा नोकरीसाठी पुढे पुण्याला गेलेला. मागे बर्फात सुरमई, पुढे बाबांशेजारी मी. निघताना आई म्हणाली, "पुण्यात चहा विचारून देतात गो, लाजू नको, हो म्हण!" आंबा घाटात टेम्पोने असा काळा धूर सोडला की मागचा मोटारसायकलवाला शिव्या घालत राहिला. बाबा म्हणाले, "वारा नेतो सगळा." समुद्राकाठी वाढलेल्या मला ते पटलंही.

पुण्यात कुठला वारा न्यायला! आमच्या खिडकीखाली दिवसभर गाड्या तुंबलेल्या. माझी लेक मुक्ता तीन वर्षांची असल्यापासून दम्याचा पंप घेते. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटेल मी नखरे करते. माझ्यासारखे जे निघाले, त्यांना विचारा. मी मात्र रडत बसले नाही, कोपऱ्यावरच्या पीयूसी सेंटरवर कामाला लागले. तिथली रीत काय, तर धूर तपासायची नळी गाडीला लावायचीच नाही. नंबर प्लेटचा फोटो काढायचा आणि कागद हातात द्यायचा. जळ्ळं मेलं लक्षण! मालकाला स्पष्ट सांगितलं, मी असेन तर नळी लागेल. गिऱ्हाईकं कुरकुरली, पण येत राहिली.

मग एका सकाळी मासळी उतरवून बाबा टेम्पो घेऊन सेंटरवर आले. "मुदत संपली गो. घरचीच गाडी, काढ कागद."

मी नळी लावली. "अ‍ॅक्सिलेटर दाबा, बाबा." सगळ्या रांगेदेखत टेम्पो नापास झाला.

"बापाच्या गाडीला नळी लावतेस?" एवढंच बोलले आणि चहा न घेता गेले. दोन आठवडे फोन नाही. आई म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंस." बाबा कायमचे तुटले की काय, या विचाराने मला जेवण जाईना. पण तिला सांगितलं, पुन्हा आले तरी नापासच करीन.

तिसऱ्या आठवड्यात बाबा आमच्या दारात उभे, घामाघूम, खांद्यावर बांगडा मासळीची पिशवी. खिडकीतून खाली वाकून पाहिलं, टेम्पो कुठे दिसेना.

"मेस्त्री सोमवारी इंजिन खोलणार," बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले. "तोवर मुक्ताच्या खिडकीखाली कशाला आणू? पुलापलीकडे लावलाय."

माहेर कुठलं विचारलं, की मी अजूनही रत्नागिरीच सांगते. पण त्या दिवशी माझं माहेर पुलापलीकडे गाडी लावून चालत आलं.