थांबून बोलणारे काका

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या तळ्याभोवती रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा मराठी माणसं फिरतो. त्यात एक काका आहेत. चालता चालता ते कधीच वाद घालत नाहीत. मुद्दा मांडायचा असला की थांबतात, त्यामुळे आम्हालाही थांबावं लागतं. मग खिशातली डबी काढून सगळ्यांना बडीशेप देतात आणि मगच बोलतात.

गर्भपाताचा विषय निघाला की आमच्यातला नागपूरचा मित्र म्हणायचा, "यार, अख्ख्या देशाला एकच कायदा हवा." काका थांबायचे. बडीशेप फिरायची. "स्टेटला ठरवू दे. ज्याला पटत नाही त्याने दुसऱ्या स्टेटमध्ये जावं." आवाज कधी चढायचा नाही.

मागच्या महिन्यात काकूंकडून कळलं, की त्यांची टेक्सासमधली मुलगी गरोदर होती. बाळ जगणार नाही हे स्कॅनमध्ये दिसलं, पण तिथल्या कायद्यामुळे डॉक्टरांना काहीच करता येईना. शेवटी काका स्वतः जाऊन तिला इकडे घेऊन आले. इथे कायदा आड येत नाही, सगळं इथे पार पडलं.

पुढच्या रविवारी आम्ही तो विषय टाळला. अर्ध्या वाटेत काका आपणहून थांबले. डबीचं झाकण त्यांना उघडेना. आता हे आपले शब्द मागे घेणार, असं मला वाटलं.

"मी म्हणत होतो तेच बरोबर," ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले. "दुसऱ्या स्टेटमध्ये जाता येतं. आणली ना मी तिला."

बंद डबी खिशात टाकून ते चालू लागले.